डोमाजी की ओर से

लक्ष्मणरावांनी सहज विचारलं होतं, तेही पावतीची वाट बघताना, वेळ जावा म्हणून. सिंदीच्या जिनिंगच्या गेटाशी वजनकाट्याची पत्र्याची खोली आहे, तिच्या खिडकीत कोपर टेकून ते उभे होते. मागे काट्यावर त्यांचा ट्रक, रुईच्या गाठींनी गच्च भरलेला. आत नंदिनी, तिच्यासमोर लाल आकडे, आणि आकड्यांशेजारी पाण्याच्या बाटलीला टेकवलेला तिचा मोबाईल. मोबाईलवर एक किल्ला होता आणि किल्ल्याच्या वर, सोनेरी चौकटीत, एका टायरचा फोटो आणि खाली नाव, डोमाजी. लक्ष्मणरावांनी डोळे बारीक केले. "हा तं आमचा डोमाजी होय," ते म्हणाले. "कारंज्याचा. हायवेवर पंचर काढते तो. तुमीबी त्याच खेळात हाये का, बाई? त्यानं तं त्याच्यापायी दुसरी मशीन इकली ना." नंदिनीनं पावती फाडली. सोळा वर्षं ती ह्या काट्यावर बसत होती. पण पावती खिडकीतून द्यायच्या ऐवजी तिनं आपल्याच ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि लक्ष्मणराव हसले तेव्हा कुठे तिला ते कळलं. "कोणती मशीन?" तिनं विचारलं. "टायर खोलाची. हवेची तेवढी राह्यली आता." मग त्यांनी न मागताच नंबरही सांगितला. ट्रकवाल्याला एकवेळ बायकोचा नंबर आठवणार नाही, पंक्चरवाल्याचा तोंडपाठ असतो. ट्रक गेला, काट्यावरचे आकडे धडधडत शून्यावर आले, आणि नंदिनी त्या शून्याकडे बघत राहिली.

पंक्चर काढतो. अकरा महिने ज्या माणसाला तिनं मनात संगमरवरी पायऱ्यांवर बसवलं होतं, तो पंक्चर काढतो. तिनं त्याला पांढरे कपडे दिले होते, सोनेरी काड्यांचा चष्मा दिला होता, सुरतेत किंवा रायपूरला एक घर दिलं होतं. नवकोट नारायण म्हणतात तसा कोणीतरी, ज्याला पैसा जड झाला म्हणून तो इकडे सांडतो. टायरचा फोटो तिला कधी खटकला नव्हता. श्रीमंतांच्या चेष्टा निराळ्या असतात, तिनं समजून घेतलं होतं. खेळ फुकट होता. कोणीही यावं, किल्ला बांधावा, पन्नास जणांच्या मंडळात शिरावं. फक्त एवढंच की भिंत बांधायला तीन दिवस लागत, आणि पैसे भरले की तीच भिंत डोळ्यांदेखत उभी राही. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानं वेळ द्यावा. नंदिनीकडे वेळ होता. दोन ट्रॅक्टरांच्या मधला वेळ, जेवणानंतरचा, सरकी भरायला गाडी यायच्या आधीचा. असला चिल्लर वेळ साठवून तिनं बुरूज उभे केले होते, आणि ते आपल्या घामाचे आहेत याचा तिला अभिमानही होता. मग एके दिवशी मंडळावर कोणी चाल करून आलं आणि तिनं डोमाजीची सेना पहिल्यांदा पाहिली. डोंगराच्या कडेनं उजेडच चालत यावा तशी ती आली. हत्तींच्या पाठीवर कंदील होते, आणि घोड्यांचे खूर पडत तिथली माती सोन्याची होत होती. शत्रूची सहा महिन्यांची तटबंदी एवढ्याशा वेळात नाहीशी झाली. नंदिनीनं तोंडावर हात ठेवला होता. बाहेर एक शेतकरी "ओ बाई, काटा सुरू हाये का बंद?" म्हणून ओरडत होता, तो तिला ऐकूच आला नाही. हे विकत मिळतं हे तिला माहीत होतं. विकत मिळतं म्हणून ते कमी सुंदर वाटेना, ही तिची अडचण होती.

आणि त्याच्याही आधी, अगदी पहिल्या दिवशी, पेटी आली होती. ती मंडळात शिरली आणि पाच मिनिटांत पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल पेटी धडधडायला लागली. वर हिंदीत लिहिलं होतं, डोमाजी की ओर से आपके लिए उपहार. उघडली तर आत धान्य, लाकूड, थोडी रत्नं. ओळख ना पाळख, आणि ह्या माणसानं आपल्याला भेट पाठवली! नंदिनीला आधी आनंद झाला आणि मागोमाग, सख्ख्या बहिणीसारखी, काळजी आली. कारण ती जिजाबाईची मुलगी होती. शेजारून वाटीभर भाजी आली, तर ती वाटी जिजाबाईनं जन्मात कधी रिकामी परत केली नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर, साखर नसली तर चार दाणे तुरीचे. "घेतलेलं परत नाई गेलं तं ते घरात कुजते," असं ती म्हणायची. त्यामुळे त्या आळीतल्या वाट्या वर्षानुवर्षं चालत्या होत्या. कोणाची मूळ वाटी कोणती हे कोणालाच आठवत नसे, आणि सांडग्याच्या वाटीत लाडू, लाडवाच्या वाटीत पापड असं ते सगळं फिरत राही. डोमाजीला परत द्यायला नंदिनीकडे रत्नं नव्हती. दाणा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, पहिला ट्रॅक्टर यायच्या आत, तिनं आपल्या कोठारातला दोन हजार पोती दाणा आणि हजार लाकडं त्याला धाडली. संध्याकाळी त्याच्याकडून पेटी आली. सकाळी तिनं दाणा पाठवला. परत पेटी. असे अकरा महिने. तापात पडली होती तेव्हासुद्धा तिनं उशीखालून मोबाईल काढून आठचा दाणा चुकवला नव्हता. मंडळात तिला सगळे काटेवाली ताई म्हणायला लागले. दिवाळीत तिनं धीर करून एकोणनव्वद रुपयांची एक पेटी स्वतः विकत घेतली, तेव्हा तिला कळलं की आपण पेटी घेतली की उरलेल्या एकोणपन्नास जणांना आपल्या नावानं भेट जाते. एकोणपन्नास धन्यवाद आले. एक भटिंड्याहून, एक विएतनाममधल्या कोण्या लिनकडून, आपोआप हिंदीत होऊन. नंदिनी ते धन्यवाद बोटानं वर सरकवत परत परत वाचत बसली. आष्टीच्या सासरी तिनं सात वर्षं स्वयंपाक केला होता. तिथे पानावरून उठताना कोणी मान वर केली नव्हती. आणि पेटी घेतली की भेट आपोआप जाते, हे कळूनही डोमाजीबद्दलचा तिचा समज काही हलला नाही. तो आपल्यासाठी घेतो, असंच ती धरून चालली.

दुपारी ती जेवायला घरी गेली. घर स्टेशनाच्या मागे, पाच मिनिटांवर. जिजाबाई दारात तांदूळ निवडत होती. तीन वर्षांपूर्वी तिचे कान गेले, आणि कानांबरोबर त्या घरातलं बोलणंही गेलं. म्हणजे कामाचं बोलणं होई, गॅस संपला, दूध आलं, पण ते ओरडून. ओरडून सांगण्यासारखं माणसाजवळ असतं तरी किती? मागे एकदा काट्यावर एक रेडा येऊन उभा राहिला आणि हलेचना, मालकानं मग त्याचंच वजन करून घेतलं, ही गोष्ट ओरडून सांगता येत नाही. दोनदा "अं?" झालं की गोष्टीतला रेडा मरतो. असले कितीतरी रेडे नंदिनीच्या पोटात साठले होते. अलीकडे त्यातला एखादा ती मंडळात लिहून टाकायची, आणि लिन हसण्याची चित्रं पाठवायची. "सोमवारी किती वाजता निघाचं?" जिजाबाईनं विचारलं. "दहाच्या गाडीनं!" "अं?" नंदिनीनं दोन्ही हातांची बोटं दाखवली. सोमवारी वर्ध्याला कानाची मशीन घ्यायची होती. बावीस हजार. नंदिनीनं दीड वर्षात जमवले होते आणि ते मोबाईलमध्येच होते, त्याच मोबाईलमध्ये. म्हातारी तांदळातला खडा बाजूला ठेवत म्हणाली, "मले आयकू आलं तं पयले काय आयकू येईन वो नंदा? देवाचं काई, का कुत्रं?" आणि स्वतःच हसली. नंदिनीनं ताटात मान घातली. कारण आज संध्याकाळी पाचला मंडळाच्या किल्ल्यावर बंगलोरवाला येणार होता. आठ दिवसांपूर्वी खेळात आलेला तो माणूस इतका पैसा ओतून बसला होता की डोमाजीची सेनाही त्याच्यापुढे अपुरी होती. पाचच्या आत कोणीतरी मोठी पेटी घेतली, सात हजार नऊशेची, तरच किल्ल्याला कवच चढणार होतं. काल रात्रीच तिनं ठरवून टाकलं होतं की ह्या वेळी ती पेटी आपण घ्यायची. अकरा महिन्यांच्या भेटींची एक घसघशीत परतफेड. आईचं काय, सहा-सात महिन्यांनी जाऊ, तीन वर्षं थांबली तशी. हे मनात उमटलं तेव्हा तिला लाज वाटली होती, पण ठरवणं मोडलं नव्हतं.

परत आल्यावर तिनं खोलीचं दार लावून घेतलं आणि तो नंबर लावला. पलीकडे हवेच्या मशीनची घरघर होती. "हां, बोला. कोनती गाडी?" "गाडी नाई," नंदिनी म्हणाली. "मी सिंदीवरून. खेळातली, काटेवाली." मशीन बंद झाली. कोणाला तरी थांब म्हटल्याचं ऐकू आलं, मग चपला, मग हायवेचा आवाज. "ताई? तुमी ताई होय? नमस्कार, नमस्कार. सिंदीच्या हाये का तुमी? मले तं वाटलं तुमी लय दूर कुठं ऑफिसर असान. रोज आठच्या ठोक्याले पाठवता म्हनून." तो पन्नाशीच्या पुढचा असावा. आवाजात तंबाखू होती आणि संकोच होता. नंदिनीनं आडपडदा ठेवला नाही. "दादा, तुमी टायरची मशीन इकली म्हनते." "इकली," तो म्हणाला. "काऊन इकली, दादा?" "आता काय सांगू ताई तुमाले. तुमी रोज दाना पाठवून राह्यल्या. दोन हजार पोते, हजार लाकडं. पानी असो का सन असो, एक दिवस चुकला नाई. एवढं कोनी आपल्याले पाठवावं आन आपन वाटी रिकामी परत करावी, हे कसं जमन? माझ्याजवळ द्याले काई नवतं. पेटी घेतली का तुमाले भेट जाते, एवढंच मले समजलं होतं. मंग घेत गेलो."

नंदिनी उठून उभी राहिली. "माझ्या दान्यासाठी? दादा, दाना तं मी तुमच्या पेटीचा पाठवत होती! तुमचीच वाटी परत करत होती मी." "माझी? माझी कशी? पयले तं तुमी पाठवलं." "नाई दादा, पयले तुमी. मी आली त्या दिवशीच. पाच मिनिटात तुमची पेटी आली." "त्या दिवशी?" तो आठवत होता. "त्या दिवशी मले तं तुमी आल्या हेबी माहीत नवतं. माझं बोट चुकून लागलंतं, ताई. एकोणनव्वद रुपये कटले. मी दिवसभर खेळाले शिव्या देत होतो." आणि मग दोघांना एकदमच दिसलं. पहिली वाटी कोणीच पाठवली नव्हती. दोघांच्या मधल्या अंगणात ती कोणीतरी तिसऱ्यानंच आणून ठेवली होती आणि दोन्ही घरांना वाटलं, शेजाऱ्याची. अकरा महिने दोन भली माणसं, मध्ये जेमतेम साठ-सत्तर किलोमीटर, एकमेकांची वाटी रिकामी जाऊ नये म्हणून जिवाचं रान करत होती. ती वाटी एकाची मशीन खाऊन गेली होती आणि आता दुसऱ्या घरच्या म्हातारीच्या कानाशी येऊन थांबली होती. नंदिनीला राग यायला हवा होता. तो आला नाही, निदान तेव्हा तरी नाही. तिला आला तो अचंबा. ज्यांनी हा खेळ बनवला ते कुठल्या देशातले कोण जाणे, त्यांनी तिची आळी पाहिली नव्हती, जिजाबाईला चिमूटभर साखर शोधताना पाहिलं नव्हतं, आणि तरी त्यांना माणूस एवढा आतपर्यंत ठाऊक होता. लोभी माणसाला पकडणं सोपं. ह्यांनी लोभाला हातही लावला नव्हता. ह्यांनी चांगुलपणाला दोरी बांधली होती, तीसुद्धा इतकी मऊ की अकरा महिने ती काचली नाही.

"ताई," डोमाजी म्हणाला, "आज पाचचं काय? मी हवेच्या मशीनचं बोलनं करून ठेवलं. घेनारा चार वाजता येते." "येऊ नका म्हना त्याले," नंदिनी म्हणाली. "मीबी पेटी घेनार होती आज. मायच्या कानाच्या मशीनचे पैसे हाये माझ्याजवळ. मी नाई घेत, तुमीबी घेऊ नका." "मंग किल्ला जाईन." "जाईन." "लिनचं घर हाये त्याच्यात. आन त्या भटिंड्याच्या सरदारजीचं. तिघं-चौघं लेकरं हाये, त्याईचेबी." "हाये," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं ओळीनं तीन ट्रॅक्टर तोलले. चौथ्याच्या वेळी तिच्या ध्यानात आलं की आपला अंगठा परत परत त्या पेटीपाशी जातोय, भाजलेल्या जागी जीभ जावी तसा. पावणेपाच वाजत आले होते. अंगठ्याचा भरवसा नव्हता, म्हणून तिनं मंडळ सोडायचं बटण शोधून काढलं. ते सापडू नये अशाच जागी ठेवलं होतं. दाबलं, तर किल्ल्याचं दार उघडलं आणि तिचे सगळे सैनिक बाहेर येऊन रांगेत उभे राहिले. खरंच जाणार? तिनं हो म्हटलं. तर सात हजार नऊशेची पेटी तीन हजार नऊशेची झाली. तिनं हो म्हटलं. नऊशेची. हो. एकोणनव्वदची. खेळ तिला तोलत होता, तिच्यासारखाच, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, आणि मधला फरक किती ते शोधत होता. हो. मग किंमत गेलीच. मोठी पेटी फुकट, फक्त आज, फक्त तुमच्यासाठी. रत्नांचा पाऊस पडला, आकाशात तिचं नाव लिहिलं गेलं, काटेवाली ताई, आणि हत्तींनी सोंडा वर करून गुडघे टेकले. नंदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. आष्टीहून ती निघाली होती तेव्हा तिच्या हातात पत्र्याची पेटी होती. नवरा ओट्यावर बसून सायकलच्या साखळीला तेल देत होता, आणि बस येईपर्यंत तो साखळीच फिरवत राहिला. आयुष्यात तिला कोणी एवढं थांब म्हटलं नव्हतं. खोटं होतं, ही वाटीही उद्या परत मागितली जाणार हे तिला पुरतं माहीत होतं, आणि तरी ते इतकं देखणं होतं की तिनं अर्धा मिनिट हात जोडल्यासारखा मोबाईल धरून ठेवला. मग तिनं शेवटचं हो म्हटलं, जाणार.

पाचला तीन मिनिटं असताना फोन वाजला. "ताई, तुमी यादीत दिसून नाई राह्यल्या." "गेली मी, दादा." "बरं केलं." त्याचा श्वास जोरात चालला होता. "तो आला पाहा बंगलोरवाला. डोंगराच्या तिकडून. बाप्पा! ताई, तुमाले दिसाले पाह्यजे होतं. अख्खं आभाळ लाल हाये." नंदिनीला काही दिसत नव्हतं. तिच्यासमोर काट्यावर कापसाचा ट्रॅक्टर चढत होता आणि आकडे स्थिर व्हायचे होते. तिनं डोळे मिटले. "सांगा," ती म्हणाली. "उत्तरेचा बुरूज पडला. तुमचा. लय हळू पडून राह्यला, कापूस उडते ना तशा ठिनग्या उडून राह्यल्या. किती सुंदर जळून राह्यलं, ताई, हे त्याईनं कसं बनवलं असन?" मग तो थांबला. "पेटी आली समोर. सात हजार नऊशेची नाई, एकोणनव्वदची. निस्ती एकोणनव्वदची, ताई. एवढ्यात सगळं वाचते म्हनते. मशीनबी इकाची गरज नाई. माझा अंगठा तिथंच हाये." "दादा, हात मागं घ्या." "घेता येऊन नाई राह्यला. तुमी बोलत राहा. काईबी बोला, तुमच्या पायी पडतो, बोलत राहा."

नंदिनीनं मोबाईल कानाशी घट्ट धरला. तीन वर्षांत ती हे विसरली होती, की एका माणसाच्या कानात, हळू, कारण नसताना कसं बोलायचं असतं. मग ती म्हणाली, "दादा, मागं एकदा माझ्या काट्यावर रेडा येऊन उभा राह्यला." "रेडा?" "हो. हलेच ना. मालक म्हने, आता चढलाच हाये तं वजन करून घ्या. पाचशे तीस किलो भरला. मालकानं पावती मागतली." पलीकडून एकदम एक घोगरं हसू फुटलं आणि ते हसू मध्येच कुठे रडण्यात वळलं ते त्यालाही कळलं नसावं. नंदिनी थांबली नाही. तिनं त्याला सांगितलं की सोमवारी दहाच्या गाडीनं आईला घेऊन वर्ध्याला जायचंय, की आई विचारते पहिले काय ऐकू येईल, की स्टेशनाच्या मागच्या चिंचेला यंदा चिंचाच आल्या नाहीत, की काट्याच्या खोलीत दुपारी पत्रा तापतो तेव्हा ती पायाखाली ओलं पोतं घेते. त्यानं मध्ये एकदाच विचारलं, "वल्लं पोतं? मंग सर्दी नाई होत?" आणि तिनं त्याचंही उत्तर दिलं. किल्ला केव्हा पडला ते दोघांनीही पाहिलं नाही. काट्यावर आकडे कधीचे स्थिर झाले होते. ट्रॅक्टरवाल्यानं एकदा हॉर्न दिला, दोनदा दिला, मग तो खाली उतरून खिडकीशी आला आणि आतली बाई अजून बोलतेच आहे हे बघत उभा राहिला.